सुटणारी गांठ आणि न सुटणारी गांठ

यंत्रांचा इतिहास लिहितांना लोक इंजिनांचा, तोफांचा व चाकांचा इतिहास लिहितात. ज्या लहानशा ठिकाणीं एक तार दुसऱ्या तारेला मिळते, त्या ठिकाणाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. तथापि यंत्राचा घात पुष्कळदां होतो तो याच ठिकाणीं. मोटारींचे वीजमिस्त्री जिला कपलर म्हणतात आणि कारखान्याच्या कागदांत जिला कनेक्टर म्हटलेलें असतें, त्या वस्तूंत दोन परस्परविरोधी गुण एकत्र नांदतात. ती सुटावी म्हणूनच केलेली असते. तसें नसतें तर अखंड तारच पुरली असती. आणि काम चालूं असतां ती सुटूं नये, हें तर तिचें ब्रीदच होय. या दोन गुणांचा मेळ मनुष्यानें कसा घातला, याची हकीकत पाहावयाची तर नगरपासून आरंभ करणें सोयीचें पडेल.

२०२४ सालीं ज्या अहमदनगरचें नांव अहिल्यानगर झालें, त्या शहराचा लष्कराशीं सहवास जुना आहे. हिंदी घोडदळानें घोडे सोडून यंत्रें धरण्यास १९३८ सालीं प्रारंभ केला. सिंध हॉर्स हें त्यांतील अगदीं पहिल्या पथकांपैकीं एक होय. पुढें १९४८ सालीं चिलखती दलाचें केंद्र व शाळा हीं नगर येथें एकत्र झालीं, आणि १९९४ सालीं सेनाध्यक्ष जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्तें रणगाड्यांचें संग्रहालय उघडण्यांत आलें. घोड्यावरून यंत्रावर आलेल्या त्या स्वारांस गांठीचें महत्त्व नव्यानें शिकविण्याचें कारण नव्हतें. खोगिराचा तंग सैल राहिला तर घोडा कितीहि उमदा असला तरी स्वार जमिनीवर येतो, हें त्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. यंत्रांत तो तंग तारेचा झाला, एवढाच काय तो फरक.

या संग्रहालयांत रोल्स-रॉइसची एक जुनी चिलखती मोटार आहे. त्या पिढीच्या मोटारींत विजेचें काम फार थोडें असे. इंजिनाच्याच फिरण्यानें ठिणगी उत्पन्न करणारा मॅग्नेटो, आणि त्यापासून निघालेल्या मोजक्या तारा, एवढाच पसारा. तारेचें टोंक उघडें करावें, स्क्रूखालीं दाबावें व वर नट आवळावा, म्हणजे गांठ पुरी झाली. रस्त्याच्या हादऱ्यानें नट ढिला झाला तर चालकानें खालीं उतरून तो पुन्हां आवळावा. वाहनाची गति बेताची आणि तारा मोजक्या, म्हणून हें निभावून जात असे.

दुसऱ्या महायुद्धानें हा काळ संपविला. त्याच संग्रहालयांतील मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे रणगाडे पाहावेत. अशा ब्रिटिश रणगाड्यांत पुढें एकोणीस क्रमांकाचा बिनतारी संच बसूं लागला. दूरच्या पथकाशीं बोलणें, जवळच्या रणगाड्याशीं बोलणें आणि आंतल्या आंत तोफची, चालक व नायक यांनीं एकमेकांशीं बोलणें, हीं तिन्ही कामें तो एकच संच करी. तोफेचा बुरूज फिरे आणि खालचें धड स्थिर राही. म्हणून दोहोंमधील तारांना फिरती जोडणी द्यावी लागे. परंतु याहूनहि बिकट प्रश्न माणसाचा होता. प्रत्येकाच्या कानावर श्रवणयंत्र, तोंडापुढें ध्वनियंत्र, आणि त्यांची तार पोलादी भिंतीला जोडलेली! रणगाड्यास आग लागली तर बाहेर पडण्यास कांहीं क्षणच मिळत. अशा वेळीं चाचपडत प्लग शोधणें म्हणजे मृत्यूला बसावयास पाट देणेंच होय. म्हणून ती तार स्नॅच-प्लगनें जोडण्यांत आली. गाडीच्या धक्क्यांनीं तो सुटत नसे. पण माणूस झडपेंतून बाहेर झेपावला कीं त्याच्या शरीराच्या हिसक्यासरशीं आपोआप वेगळा होई. गांठ किती घट्ट असावी याचें माप येथें प्रथमच माणसाच्या जिवावरून ठरलें.

त्याच सुमारास विमानांनीं दुसरी गरज उत्पन्न केली. एका विमानांत शेंकडों तारा. त्या एकेक आवळीत बसणें अशक्य. अमेरिकेंत १९१५ साली निघालेल्या कॅनन कंपनीसारख्या कारखान्यांनीं धातूच्या गोल कवचांत अनेक पिना बसविलेले प्लग केले, आणि तेथील भूदल व नौदल यांनीं मिळून त्यांचें एक प्रमाण ठरविलें. कवचाला खांच असे. त्यामुळें प्लग चुकीच्या दिशेनें बसूंच शकत नसे. बाहेरची कडी फिरवून तो आवळतां येई. महायुद्धानंतरच्या पिढ्यांत ही जात लहान, हलकी व अधिक विश्वासाची होत गेली. तार पिनेला डाख देऊन चिकटविण्याऐवजीं पिनेचें टोंक तारेवर दाबून बसविण्याची रीत रूढ झाली. कारण डाखाचें कथील तारेच्या धाग्यांत वर चढतें, तेथें तार ताठ होते, आणि थरथर सुरू झाली कीं नेमकी तेथेंच तुटते.

नुसतें सुटणें पुरेसें नाहीं, योग्य क्रमानें सुटणेंहि आवश्यक आहे, हा धडा २१ नोव्हेंबर १९६० रोजीं केप कॅनाव्हरल येथें जगाला मिळाला. मर्क्युरी-रेडस्टोन नांवाचा अग्निबाण त्या दिवशीं जेमतेम चार इंच उचलला गेला, इंजिन बंद पडलें, आणि तो पुन्हां आपल्या चौथऱ्यावर बसला. टोंकावरील सुटकेचा लहान अग्निबाण मात्र एकटाच आकाशांत गेला आणि मागोमाग यानाच्या छत्र्या बाहेर पडून लोंबकळूं लागल्या. वाऱ्यानें त्या फुगल्या असत्या तर इंधनानें भरलेला तो स्तंभ उलथला असता. चौकशीअंतीं कारण निघालें तें दोन प्लगांचें. उड्डाणाच्या वेळीं नियंत्रणाची तार आधीं व वीजपुरवठ्याची नंतर सुटावयाची होती. नियंत्रणाची तार लांब असल्यानें तें उलट झालें. फरक पडला एका सेकंदाच्या सुमारें तीन-शतांश भागाचा!

शर्यतीच्या मोटारीकडे वळलें म्हणजे हे सारे धडे एका लहानशा सांगाड्यांत एकवटलेले दिसतात. १९८० नंतरच्या दशकांत फॉर्म्युला वन शर्यतींतील मोटारी धांवतां धांवतां आपली प्रकृति बिनतारी मार्गानें तळावर कळवूं लागल्या. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, चाकाची गति, ब्रेकाचा जोर, हें सर्व सेन्सर सांगतात. आणि सेन्सरची वाणी कपलरमधूनच पुढें जाते. ही वाणी फार क्षीण असते. के जातीच्या उष्णतामापक जोडतारेंत एका अंशाला सुमारें ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील ४१, इतकीच वीज निर्माण होते. तेथें पिनाहि त्याच धातूंच्या असाव्या लागतात. नाहीं तर कपलर स्वतःच खोटी उष्णता सांगूं लागतो.

म्हणून निवड करणारा प्रथम प्रवाह पाहतो. दिव्याच्या जोरदार प्रवाहाला कथिलाचा मुलामा चालतो. सेन्सरच्या दुबळ्या प्रवाहाला गंजाची पातळ साय भेदतां येत नाहीं, म्हणून तेथें सोन्याचा मुलामा लागतो. एका बाजूस सोनें व दुसऱ्या बाजूस कथील, असा विजोड संसार मात्र टिकत नाहीं. नंतर तो जागा पाहतो. मालमोटारींसाठीं निघालेली डॉइश कंपनीची डीटी जात प्लॅस्टिकची व स्वस्त आहे. १३ अँपिअरपर्यंत प्रवाह आणि उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत उष्णता ती सोसते. सांगाड्यावर जेथें जागा मोकळी आहे तेथें ती उत्तम. इंजिनालगत जेथें जागा बोटभर आणि थरथर अखंड, तेथें विमानांच्या प्लगांवरून त्याच कंपनीनें काढलेली ऑटोस्पोर्ट जात, धातूच्या कवचाची व महाग, घ्यावी लागते. शेवटीं तो तारेचा ताण पाहतो. तारेचें वजन पिनेवर पडतां कामा नये; तें मागच्या रबरी टोपीनें उचललें पाहिजे.

आणखी एक शत्रु अदृश्य आहे. ठिणगीच्या तारा व विजेच्या मोटारी यांच्या लहरी सेन्सरच्या तारेंत शिरून खोटें बोलवितात. नगरजवळ वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. वाहन चालवून पाहण्याच्या धांवपट्ट्यांबरोबर अशा लहरींची परीक्षाहि तेथें होते. तारेवरील जाळीचें कवच कपलरच्या धातूला सर्व बाजूंनीं मिळालें नाहीं, तर तेवढ्या फटींतून लहरी आंत येतात. किल्ल्याचा तट अभंग असून दिंडी उघडी राहावी, तसाच हा प्रकार.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांनीं विजेवर धांवणाऱ्या शर्यतीच्या मोटारी बांधून इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोनपर्यंत नेल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या अशा शर्यतींचे नियम कपलरचीच कसोटी घेतात. पायांतील गतिदर्शक पट्टीला दोन सेन्सर असावे लागतात. दोहोंच्या सांगण्यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर पडून तें सेकंदाच्या एक-दशांशाहून जास्त काळ टिकलें, तर मोटारीची शक्ति तोडलीच पाहिजे. सुरक्षेच्या साखळींतील एखादा कपलर सुटला तरी मोटार उभी राहते. म्हणजे चार आण्याच्या पिनेनें वर्षाची मेहनत जाते. पण चालकाचा जीव राहतो. हा सौदा नियमकर्त्यांनीं जाणूनबुजून केला आहे.

आणि फॉर्म्युला वनच्या मोटारींत त्या जुन्या रणगाड्याची आठवण अजून जागी आहे. तेथील सुकाणूचाकावर अनेक कळा व दिवे असतात. तें चाक काढल्याखेरीज चालकाला बाहेर पडतां येत नाहीं. पूर्वीं पांच सेकंदांत, आणि २०१८ पासून सात सेकंदांत, त्यानें बाहेर आलें पाहिजे असा नियम आहे. म्हणून चाकाच्या मागील साऱ्या तारांची जोडणी एका ओढीसरशीं सुटते; परंतु शर्यतीच्या प्रत्येक वळणावर तीच जोडणी निश्चल राहते. नगरच्या संग्रहालयांतील रणगाडे आतां मुके उभे आहेत. त्यांच्या पोटांत ज्या गांठीनें माणसाला बांधलें आणि वेळ येतांच मोकळें केलें, ती गांठ मात्र आजहि धांवत आहे.