रँसचा हसरा देवदूत

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. परंतु फ्रान्सच्या बहुतेक राजांचा राज्याभिषेक पॅरिसमध्ये होत नसे. त्यासाठी ते ईशान्येकडे सुमारे १३० किलोमीटर दूर असलेल्या एका गावी जात. ते गाव म्हणजे रँस. इंग्रजी नकाशात त्याचे नाव आपण ‘रीम्स’ असे वाचतो. इ. स. ८१६ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार वर्षे, ही प्रथा चालू होती.

तिचे मूळ त्याहूनही जुने आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी बिशप रेमी यांनी फ्रँक लोकांचा राजा क्लोविस याला येथे बाप्तिस्मा दिला. त्या प्रसंगी एका कबुतराने स्वर्गातून पवित्र तेलाची कुपी आणली, अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. म्हणून पाहणाऱ्याने आधी सेंट रेमीच्या चर्चमध्ये जावे. १०४९ साली पोप नववे लिओ यांनी त्याचे पवित्रीकरण केले. रेमी यांची समाधी येथेच आहे आणि ती कुपीही येथेच जपून ठेवीत. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली ती भर चौकात फोडण्यात आली. या चर्चचा मधला भाग जाड भिंतींचा, गोल कमानींचा आणि काहीसा अंधारलेला आहे. तो डोळ्यांत साठवून मगच कॅथीड्रलकडे वळावे, म्हणजे पुढच्या काळातील कारागिरांनी काय साधले ते ध्यानी येते.

जुने कॅथीड्रल १२१० साली जळाले आणि १२११ साली नव्याचे काम सुरू झाले. छताचा भार टोकदार कमानींवर घ्यायचा आणि त्याचा रेटा बाहेरून दगडी धिऱ्यांनी पेलायचा, ही गॉथिक बांधणीची युक्ती. त्यामुळे भिंतींवरचा बोजा कमी झाला आणि भिंतींच्या जागी रंगीत काचांच्या प्रचंड खिडक्या आल्या. ही इमारत सुमारे १४९ मीटर लांब असून तिचे मनोरे ८१ मीटर उंच आहेत. तिच्या अंगाखांद्यावर २,३०० हून अधिक मूर्ती आहेत. त्यांत सर्वांची लाडकी म्हणजे समोरच्या बाजूस डावीकडच्या दारापाशी उभी असलेली हसऱ्या देवदूताची मूर्ती.

याच कॅथीड्रलमध्ये १७ जुलै १४२९ रोजी सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. शत्रूच्या मुलखातून त्याला येथवर आणणारी जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची मुलगी तेव्हा अवघी सतरा वर्षांची असावी. आपले निशाण घेऊन ती या सोहळ्यात उभी होती. पुढे दोन वर्षांच्या आत, १४३१ च्या मे महिन्यात, रूआँ शहरी तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्यावरचा निकाल १४५६ साली रद्द झाला आणि १९२० साली तिला संतपद मिळाले.

पहिल्या महायुद्धात रँस अगदी आघाडीवर आले. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात कॅथीड्रलच्या मनोऱ्याभोवतीची लाकडी परांची पेटली आणि ओकचे सारे आढे जळून गेले. छपराचे शिसे वितळून पन्हळींतून वाहू लागले. हसऱ्या देवदूताचे मस्तक तुटून खाली पडले आणि फुटले. पुढची चार वर्षे गोळे पडतच राहिले. युद्ध संपले तेव्हा शहराचा बहुतेक भाग ढिगाऱ्यात गेला होता.

जीर्णोद्धाराचे काम आंरी दनू या रँसच्याच वास्तुशिल्पज्ञाने हाती घेतले. लाकूड पुन्हा पेट घेईल, म्हणून त्याने लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे लहान लहान तुकडे पाडले आणि ते ओकच्या खुंट्यांनी जोडून नवे छप्पर उभारले. अमेरिकेतील रॉकफेलर यांनी पैशाची मोठी मदत केली. देवदूताच्या मस्तकाचे तुकडे कोणीतरी गोळा करून जपले होते. जुन्या साच्याच्या आधारे ते जोडून १९२६ साली मस्तक पुन्हा बसविण्यात आले. संपूर्ण कॅथीड्रल १९३८ साली उघडले.

काचांचे काम सिमाँ घराण्याकडे होते. पिढ्यान्‌पिढ्या हाच त्यांचा व्यवसाय. झाक सिमाँ यांच्यामागून त्यांची कन्या ब्रिजित सिमाँ यांनी ही कला पुढे चालविली आणि कॅथीड्रलसाठी स्वतःच्या कल्पनेच्या काचाही केल्या. चित्रकार शागाल यांच्या १९७४ सालच्या निळ्या खिडक्या ब्रिजित यांचे पती शार्ल मार्क यांच्या सहकार्याने याच कारखान्यात तयार झाल्या.

आता कोणी विचारील, एवढी डागडुजी झाल्यावर जुने असे उरले काय? प्रश्न रास्त आहे. परंतु रँसच्या बाबतीत डागडुजी कोणी केली हेही पाहावे. ७ मे १९४५ रोजी जर्मन सैन्याच्या शरणागतीवर याच शहरातील एका शाळेत सह्या झाल्या. ८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गोल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर हे याच कॅथीड्रलमध्ये शेजारी शेजारी उभे राहून प्रार्थनेत सामील झाले. २०११ साली, कॅथीड्रलला आठशे वर्षे पूर्ण होताना, सहा नव्या खिडक्या बसल्या. त्या घडविणारे इमी क्नोबेल हे जर्मन कलावंत. २०१५ साली जोनच्या नावाच्या दालनात त्यांच्याच आणखी तीन खिडक्या बसल्या, त्या जर्मनीकडून भेट म्हणून. ज्या देशाच्या तोफांनी काचा फोडल्या, त्याच देशाच्या कलावंताला रँसच्या लोकांनी काचा बसवू दिल्या.

भगिनींनो, कॅथीड्रल आणि सेंट रेमीचे चर्च ही दोन्ही १९९१ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कोणाला तिकडे जाण्याचा योग आला, तर आत शिरण्याची घाई करू नये. डावीकडच्या दारापाशी थांबून त्या देवदूताकडे क्षणभर पाहावे. त्याचे हसू तेराव्या शतकातले आहे आणि १९२६ सालचेही आहे.