मण कुठला, किलो कुणाचा?

ज्यांनी पडवीत नाहीतर गच्चीवर बारबेल आणि चार प्लेट्स मांडून घरचं जिम केलंय, त्यांच्यासाठी आजचा भाग. ज्यांनी नाही केलं त्यांनीही ऐका, कारण गोष्ट जुनी आहे.

आमच्या रत्नागिरीत जुन्या माणसांसमोर ताकदीचा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं. अमका दोन मण ओझं डोक्यावर घेऊन घाटी चढायचा. भारीच. पण मण कुठला? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे आजचे १२.७ किलो. मद्रासचा २५ पौंडांचा. बंगाली मण मात्र ८२ पौंडांहून थोडा जास्त, ३७.३ किलो. म्हणजे त्या गड्याने उचललं ते पंचवीस किलो, की पंचाहत्तर? शिवाय कोकणात भाताचा मण वजनाचा नसायचाच, तो पायलीने भरलेला मापाचा मण, आणि पायली गावागणिक लहानमोठी. हिशेबच नको.

तालमीत मात्र या गोंधळाने कुणाचं काही अडत नव्हतं. लाकडी करेला, मुद्गल, दगडी नाल, यांवर कुठे आकडा असायचा? तोच दगड सगळे उचलायचे. काल तुला हलला नाही, आज गुडघ्यापर्यंत आला, बघायला चार जण उभे आहेत, विषय संपला. आकड्याची गरज पडते ती रत्नागिरीतल्या माणसाची तुलना सांगलीतल्या माणसाशी करायची असेल तेव्हा. किंवा तुम्ही घरात एकटेच उचलता आणि बघायला कुणी नसतं तेव्हा. मग प्लेटवरचा आकडा हाच एक साक्षीदार. तो खोटं बोलला तर महिनाभराची प्रगती खरी की खोटी, कळणार कसं?

बाजाराने हा प्रश्न फार आधी सोडवायला घेतला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे, वजनंमापं बघणारा. वजनं लोखंडाची करा, नाहीतर मगध आणि मेकल भागातल्या दगडाची, किंवा अशा वस्तूची जी पाण्याने वाढणार नाही आणि उन्हाने घटणार नाही, असं तिथे सांगितलंय. (आमच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते त्यांना कुणी सांगितलं नसावं!) आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक वजनांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. नवा किलो त्याहून ६७ ग्रॅम जड. एवढ्या फरकासाठी देशभरातल्या दुकानांतली वजनं बदलली गेली.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. वाण्याकडचं जुनं लोखंडी वजन कधी उलटं करून बघा. त्यात एक खळगा असतो आणि खळग्यात शिसं. ओतीव लोखंड ग्रॅमपर्यंत बरोबर उतरत नाही, म्हणून वजन मुद्दाम थोडं हलकं ओततात, मग शिसं भरून बरोबर करतात आणि त्या मऊ शिशावर वजनमापे खात्याचा निरीक्षक शिक्का मारतो. कुणी शिसं कोरून काढलं तर शिक्का मोडतो. चोरी लगेच दिसते. स्पर्धेतल्या महागड्या पॉवरलिफ्टिंग प्लेट्सच्या पाठीलाही असेच भरणीचे खळगे असतात. युक्ती तीच, वाण्याचीच!

वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ५ किलोच्या वरची प्लेट ०.१ टक्का जड किंवा ०.०५ टक्का हलकी चालते. म्हणजे २० किलोच्या प्लेटला २० ग्रॅम वर, १० ग्रॅम खाली. हा काटेकोरपणा कशासाठी, ते सांगलीच्या संकेत सरगरला विचारा. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूने २४९. एका किलोने सुवर्ण गेलं. हाताला दुखापत झाली होती, तरी शेवटच्या प्रयत्नाला तो उभा राहिला.

घरच्या प्लेट्सना मात्र ना शिसं, ना शिक्का. साध्या ओतीव प्लेटवर १० लिहिलंय म्हणून ती १० किलोच भरेल असं नाही. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्सचंही तेच. आणि बार २० किलोचाच असतो हे तर डोक्यातून काढा. ते मोठ्या स्पर्धेच्या बारचं वजन, घरगुती आखूड बार त्याच्या निम्म्यातही भरतो. आपल्याकडे या प्लेट्स बऱ्याचदा किलोच्या दराने विकतात. मग दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा, लाजू नका. सांगितल्यापेक्षा कमी माल देणं हा कायद्याने गुन्हा आहे.

आधीच घेतल्या असतील तर बाथरूमच्या काट्यावर विसंबू नका, तो माणसांसाठी आहे. ओळखीच्या किराणावाल्याकडे दुपारी गर्दी नसताना जा. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते. शिक्का चालू वर्षाचा आहे ना, तेवढं बघून घ्या.

दोन बाजू सारख्या आहेत का, हे तर काट्याशिवायही कळतं. बार मधोमध दोरीने टांगा, जमिनीपासून वीतभरच वर. झाला तराजू. आधी रिकामा बार आडवा राहतोय का बघा, मग दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर एकेक लहान प्लेट लावा. एक बाजू खाली गेली तर प्लेट्सची अदलाबदल करा. जड बाजू प्लेटबरोबर दुसरीकडे गेली तर खोट प्लेटमध्ये. तिथेच राहिली तर दोरी मध्यावर नाही. माझ्या मते एकूण वजनापेक्षा ही तपासणी जास्त महत्त्वाची. दोन्हीकडे सारखेच साडेनऊ किलो असतील तर शरीर तक्रार करत नाही, पण एकीकडे साडेनऊ आणि दुसरीकडे सव्वादहा असेल तर खांद्याला ते रोज जाणवतं.

खरं वजन कळलं की ऑइल पेंटने प्लेटच्या पाठीवर लिहून टाका. ९.६ तर ९.६. जोड्या जुळवून ठेवा. आणि मिरकरवाड्यापासून भाट्यापर्यंत कुठेही राहत असाल तर पावसाळा संपल्यावर एकदा सगळ्या प्लेट्स घासून, तेलाचा हात फिरवून पुन्हा काट्यावर ठेवा. गंज धरताना लोखंड किंचित जड होतं आणि पापुद्रे पडले की हलकं.