भीमा नदी : सोलापूर सीमेवरील नकाशांकन

भीमाशंकर येथे उगम पावून कृष्णेला मिळणाऱ्या भीमा नदीचा (लांबी सु. 861 किमी.) दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांलगतचा काही प्रवाह महाराष्ट्र-कर्नाटक सीमा आहे. पलीकडच्या तीरावर विजयपूर (पूर्वीचा विजापूर) जिल्ह्यातील इंडी परिसर आहे. सीना नदी हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते.

नकाशांकन : विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणामुळे दख्खनच्या नकाशांना अचूक आधारबिंदू लाभले. नदीकाठच्या शेतजमिनीची मोजणी मात्र महसूल खात्याने केली. तिची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास भीमेच्याच काठच्या इंदापूर तालुक्यात घडवली. साखळीने मोजलेले सर्व्हे नंबर व बांध गावनकाशांवर आले, तर चढउतार, नाले, वाटा व वस्त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवर आल्या. 1905 नंतर एक इंचास एक मैल प्रमाणाचे रंगीत नकाशे निघू लागले. दशमान पद्धतीनंतर 1:50,000 हे प्रमाण रूढ झाले. सीमेवरील पात्र 47 ओ व 56 सी या दोन एक-अंशी नकाशापत्रकांत विभागले आहे, कारण त्यांची सामाईक कड असलेले 76° पूर्व रेखावृत्त सोलापूर शहराच्या किंचित पूर्वेस पडते. त्यामुळे सलग पात्र पाहण्यासाठी दोन्ही पत्रके जोडावी लागतात.

सीमेचा दर्जा : ब्रिटिश काळात सोलापूर व विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते, म्हणून त्यांच्यामधील भीमेची रेषा केवळ जिल्हासीमा होती. अक्कलकोट हे वेगळे संस्थान होते व ते 1948 मध्ये विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तीच रेषा राज्यसीमा झाली. जुने पत्रक वाचताना त्याचे सर्वेक्षणवर्ष आधी पाहावे, नाहीतर सीमाचिन्हाचा अर्थ चुकतो.

उपयुक्तता : सोलापूर शहराचे काही पाणी टाकळी येथे भीमेतून उचलले जाते; त्यासाठी उजनी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत येते. या पात्रातील वाळू, काठ व पूररेषा यांत झालेला बदल जुन्या-नव्या पत्रकांच्या तुलनेतून मोजता येतो. म्हणूनच दोन्ही तीरांवरील ग्रामपंचायती व शाळांनी आपल्या भागाची जुनी पत्रके मिळवून जतन करावीत.