जुना राउटर नवा होतो का?

घरातला वाय-फाय राउटर पुढे नुसत्या अपडेटने नवे मानक स्वीकारील का, असे मला पुष्कळजण विचारतात. उत्तर इतिहासात आहे.

१९९७ साली ८०२.११ हे पहिले मानक आले. वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. त्याचे 'वेप' हे सुरक्षाकवच फोडता येते, हे २००१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून २००३ चे 'डब्ल्यूपीए' मुद्दाम असे बेतले, की जुन्या यंत्रांवरही सॉफ्टवेअर बदलून चालावे. पुढे २००७ पासून मसुद्यानुसार प्रमाणित झालेले 'एन' राउटर २००९ च्या अंतिम मानकाशीही जुळले.

पण २०१३ चे 'एसी' फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालते. ज्या राउटरात २.४ गिगाहर्ट्झचाच रेडिओ, त्याला कोणते अपडेट पुरे पडणार? ६ गिगाहर्ट्झवरच्या वाय-फाय ६ई चेही तेच. सॉफ्टवेअरने कुलूप बदलते, रेडिओ बदलत नाही.

तेव्हा 'पुढे अपडेट येईल' एवढ्या भरवशावर कष्टाचे पैसे घालू नका. नवा फोन सहसा जुन्या राउटरशी जुळवून घेतो. वेग पुरत असेल तर घाई नको. सुरक्षेचे अपडेट थांबले, की मात्र राउटर बदला.