धमन्यांतील वायु

‘धमनी’ हा शब्द आपण सहज उच्चारतों. परंतु त्याच्या मुळाशीं ‘ध्मा’, म्हणजे फुंकणें, हा धातु आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ग्रीकांची समजूत याहून वेगळी नव्हती. मृतदेहांतील धमन्या बहुधा रिकाम्या आढळतात. त्यावरून त्यांतून रक्त नव्हे तर वायु वाहतो, असें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत एरासिस्ट्राटस यानें प्रतिपादिलें. पुढें सुमारें चारशें वर्षांनीं गेलन यानें जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणीं बांधून मधोमध चिरली; आंत रक्तच निघालें. १६२८ सालीं हार्वेनें रक्ताभिसरण मांडलें, १६६१ सालीं माल्पिघीनें बेडकाच्या फुप्फुसांत केशवाहिन्या पाहिल्या, आणि वायूची गोष्ट हास्यास्पद ठरली.

पण ती पुरती खोटीही नव्हती. १८६४ सालीं होप्पे-सेयलर या जर्मन शास्त्रज्ञानें ज्यास ‘हीमोग्लोबिन’ हें नांव दिलें, त्या तांबड्या द्रव्यालाच बिलगून प्राणवायु धमन्यांतून जातो. त्याच्या एका रेणूंत लोहाचे ४ अणु, आणि प्रत्येक अणु प्राणवायूचा एक रेणु उचलतो. निरोगी माणसाच्या १०० घनसेंटिमीटर रक्ताबरोबर सुमारें २० घनसेंटिमीटर प्राणवायु जातो. त्यांत नुसता विरघळलेला भाग अर्ध्या घनसेंटिमीटराहूनही कमी. रस्ता मोकळा असला तरी गाड्याच नसतील तर माल पोंचावयाचा कसा?

आपल्याकडे थकल्याभागल्या बाईविषयीं ‘हिच्या अंगांत रक्त नाहीं’ असें म्हणतात. रक्त असतें, त्यांतील लोह आटलेलें असतें. घरांत सर्वांच्या मागून जेवावयाचें आणि बाळंतपणें मात्र एकामागून एक सोसावयाचीं, मग दुसरें काय होणार? अशा स्त्रीस प्रसूतींतील थोडासा रक्तस्रावही प्राणघातक होतो. हें ज्ञान तिच्या उंबऱ्यापर्यंत केव्हां पोंचलें, हा इतिहास ग्रंथांत सहसा येत नाहीं. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

नगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड या दुष्काळी भागांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें आरोग्यप्रकल्प आरंभिला. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत नेऊन काम भागेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी आणि प्रकल्पानें तिला शिकवावें, अशी रीत पडली. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित. ज्यांच्या हातचें पाणी गांवास चालत नव्हतें, त्यांच्याच हातून गांवच्या सुना बाळंत होऊं लागल्या! गरोदर बाईची खालची पापणी ओढून ती आंतून लाल आहे कीं फिकट हें पाहण्यास पदवी लागत नाहीं. लोहाच्या गोळ्या देण्यासही लागत नाहीं. आम्हां पदवीधरांस हें पटावयास मात्र वेळ लागला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ सालीं व डॉक्टर २०११ सालीं निवर्तले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगी आढळल्या.