इंजिनाचा ठोका आणि शिशाचे औषध

१/१५
बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूर–धुळे महामार्गावर वसलेले येरमाळा येडेश्वरीच्या चैत्री यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. यात्रेच्या दिवसांत माणसांनी व सामानाने भरलेली एखादी जुनी पेट्रोल पिकअप वरच्या गिअरमध्ये चढ चढू लागली, की बॉनेटखालून बारीक, धातूचा आवाज येतो. जणू पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवीत आहे. चढ संपताच आवाज थांबतो.

२/१५
गॅरेजमधील मिस्त्री या आवाजाला ‘नॉकिंग’ म्हणतात. ऐकायला क्षुल्लक वाटणाऱ्या या ठोक्याने एकेकाळी जगभरच्या अभियंत्यांची झोप उडवली होती. तो बंद करण्यासाठी जे औषध निवडले गेले, त्याची किंमत पुढे अनेक पिढ्यांतील मुलांनी आपल्या रक्तातून मोजली. हा धागा त्या ठोक्याच्या इतिहासाचा.

३/१५
प्रथम ठोका म्हणजे काय, ते पाहू. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने पसरली पाहिजे. परंतु दाब व उष्णता मर्यादेपलीकडे गेली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप भडकते. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. तोच हा आवाज.

४/१५
म्हणूनच तो चढावर उमटतो. ओझे जास्त, इंजिनाचे फेरे कमी आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा वेळी सिलिंडरमधील दाब वाढतो आणि मिश्रणाला आपोआप पेटण्यास अवधीही अधिक मिळतो. गिअर खाली टाकताच फेरे वाढतात, इंजिनावरचा ताण हलका होतो आणि बहुधा आवाज विरतो. निदानाची पहिली पायरी हीच.

५/१५
पुढची पायरी कारण शोधण्याची. ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेतले जाते. वर्षानुवर्षे साचलेला कार्बन सिलिंडरमधली जागा कमी करून दाब वाढवतो आणि निखाऱ्यासारखा धुमसतो. रेडिएटर तुंबला, कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी आले किंवा चुकीच्या प्रकारचा प्लग बसवला, तरीही परिणाम तोच.

६/१५
प्रत्येक ठोका मात्र नॉकिंग नसतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले, तर जड, खोल, हातोड्यासारखा आवाज येतो आणि त्याचा इंधनाशी संबंध नसतो. जुने मिस्त्री एकेका प्लगचा करंट तोडून पाहतात. ज्या सिलिंडरचा करंट तोडल्यावर तो जड आवाज दबतो, तिथले बेअरिंग संशयित ठरते. अशी गाडी टायमिंग बदलून बरी होत नाही. इंजिन उघडावेच लागते.

७/१५
आता शंभर वर्षे मागे जाऊ. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंजिनातील दाब वाढवून अधिक शक्ती मिळवण्याची स्पर्धा सुरू झाली होती आणि ठोका आडवा येत होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दाब कमीजास्त करता येईल असे ‘ई ३५’ नावाचे प्रायोगिक इंजिन बांधले आणि वेगवेगळी इंधने तपासली. दोष केवळ यंत्राचा नसून इंधनाच्या घडणीतही आहे, हे त्या प्रयोगांनी दाखवले.

८/१५
अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हेच कोडे सोडवत होते. अनेक पदार्थ वापरून पाहिल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. पेट्रोलमध्ये त्याचा अत्यल्प अंश मिसळताच ठोका नाहीसा झाला. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन शहरात असे पेट्रोल विक्रीस आले.

९/१५
त्याला नाव दिले गेले ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. वास्तविक शिसे विषारी असते, हे प्राचीन काळापासून ज्ञात होते. शिवाय मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळल्यानेही ठोका कमी होतो, हे याच संशोधकांना ठाऊक होते. परंतु मद्यार्क मोठ्या प्रमाणात लागे आणि त्याच्यावर एकाधिकार मिळवणे कठीण होते. शिशाचे संयुग थोडे पुरे आणि त्यावर पेटंट मिळे.

१०/१५
ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. पाच जण दगावले, कित्येक आजारी पडले. त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि ते सुरक्षित असल्याचे भासवले. ते स्वतः आदल्या वर्षी शिशाच्या बाधेने विश्रांतीवर गेले होते.

११/१५
मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक रोगांच्या अभ्यासक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. तरीही पुढील वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली. १९२६ मध्येच ग्रॅहॅम एडगर यांनी ठोका मोजण्याची पट्टी सुचवली : आयसो-ऑक्टेन म्हणजे १००, हेप्टेन म्हणजे ०. आज चर्चेत असलेला ‘ऑक्टेन’ आकडा तिथून आला.

१२/१५
भारतातही शिसेयुक्त पेट्रोल रुळले. १९५० च्या दशकात मुंबईच्या तुर्भे–माहुल भागात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. विलिस बनावटीच्या जीप ग्रामीण रस्त्यांवर धावू लागल्या. गाडीच्या धुरातून सूक्ष्म शिसे रस्त्याकडेच्या धुळीत बसत होते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याची बाधा सर्वाधिक होते, आणि बाधा आवाज करीत नाही.

१३/१५
१९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांनी माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी वाढल्याचे मांडले, तेव्हा उद्योगाने त्यांना कडाडून विरोध केला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, १ फेब्रुवारी २००० पासून देशभर. जगात मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ मध्ये विक्री थांबली.

१४/१५
मग शिशाविना ठोका थांबला कसा? शुद्धीकरणाच्या सुधारित प्रक्रियांनी ऑक्टेन वाढवला आणि नव्या इंजिनांत ठोका ‘ऐकून’ टायमिंग मागे घेणारे सेन्सर आले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि त्यातला मोठा वाटा ऊस व धान्यापासून येतो. १९२० च्या दशकात बाजूला सारलेला पर्याय असा शतकानंतर परतला. त्याने ठोका कमी होतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व कार्बोरेटर मात्र तपासून घ्यावे लागतात.

१५/१५
येरमाळ्याच्या रस्त्यावरील आजच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या आहेत. त्यांची खडखड निराळी : तिथे ठिणगीच नसते, दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून इंजेक्शनची वेळ व नोझल पाहावे लागतात. परंतु जुनी पेट्रोल गाडी चढावर टकटकू लागली, तर गिअर खाली टाकावा, टायमिंग, कार्बन व रेडिएटर तपासावे. मिजली यांच्या औषधाने ठोका ऐकू येईनासा केला, पण कारणे इंजिनातच राहिली आणि विष रस्त्यावर आले. आवाज हा इंजिनाचा निरोप असतो. तो दाबण्याआधी वाचावा.

#इतिहास #मराठीधागा