आकडा मोजला कुणी?

अमेरिकेतल्या रायफलवाल्यांचा एक जुना छंद आहे. गोळी झाडून झाली की रिकामी पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. घरी आणून साफ करायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून भरायची आणि वर नवी गोळी दाबायची. झालं काडतूस तयार! याला म्हणतात हँडलोडिंग. (दारू बंदुकीची बरं का, आपली वीकेंडवाली नव्हे. :-)) यात पैसे वाचतात, शिवाय आपल्याच रायफलला मानवेल असं काडतूस बनवता येतं.

प्रश्न एकच. दारू किती भरायची?

हे माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. असे थोडेसे ग्रेन जास्त पडले, तर गालाला लावलेली रायफल फुटू शकते. मग एवढा नाजूक आकडा घरात बसलेल्या माणसाने आणायचा कुठून? आणि त्यावर विश्वास का ठेवायचा? याचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो खरं तर मोजमापाचा इतिहास आहे.

सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न फारसा छळत नव्हता. ती दारू तशी क्षमाशील. पुंगळीत मावेल तेवढी भरली तरी सहसा भागायचं. माप वजनाचं नाही, आकारमानाचं. ठरलेली चमची भरायची की काम झालं.

मग 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएईने बिनधुराची दारू शोधली. तेवढ्याच वजनात ताकद कितीतरी जास्त. पण लोकांची सवय जुनीच! जुन्या चमचीने नवी दारू भरली की बंदुकीच्या चिंधड्या. म्हणून काही कंपन्यांनी मुद्दाम फुगीर दारू काढली, जुन्या चमचीने भरली तरी चालेल अशी. आजच्या भाषेत बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. गंमत म्हणजे अमेरिकेत शॉटगनच्या काडतुसांच्या खोक्यांवर 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' हे माप नंतरही छापत राहिले. म्हणजे आतली दारू काळी असती तर किती भरावी लागली असती, याचा आकडा!

तर आता अंदाज बाद, दाब मोजणं आलं. त्याची युक्ती 1860च्या दशकापासून तोफांसाठी वापरात होती. अँड्र्यू नोबल या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. नळीला भोक पाडायचं, त्यात दट्ट्या बसवायचा आणि दट्ट्यावर तांब्याचा छोटा तुकडा ठेवायचा. स्फोट झाला की तांबं चेपतं. किती चेपलं ते मोजायचं आणि तक्त्यात दाब बघायचा. साधं आणि हुशार. पण हे सगळं कारखान्यातच शक्य होतं. स्वतःच्या रायफलला भोक कोण पाडणार?

म्हणून घरच्या माणसाच्या हाती आली पुस्तकं. जॉन बार्लोने 1884 मध्ये आयडियल कंपनी काढली. ती काडतुसं भरायची हत्यारं विकायची आणि सोबत माहितीपुस्तिका काढायची. 1925 मध्ये लायमनने ती कंपनी घेतली आणि पुस्तिकांची परंपरा चालू ठेवली. 1937 मध्ये फिल शार्पचा जाडजूड ग्रंथ आला. 1926 मध्ये अमेरिकन कारखान्यांनी सामी ही संस्था स्थापन केली. कुठल्या काडतुसाला जास्तीत जास्त किती दाब, हे ती ठरवू लागली.

इथवर सगळं छान. पण आकडा छापला म्हणजे भरवशाचा झाला असं नाही. दोन किस्से सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे दारूचे ढीग उरले होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती स्वस्तात विकत घेऊन हौशी लोकांना विकली. त्यातली एक होती 4831, मुळात 20 मिलिमीटरच्या तोफेसाठी बनवलेली. लोक तिच्यावर खूश. पुढे 1970च्या दशकात ड्यूपाँटने आयएमआर 4831 बाजारात आणली. नंबर तोच, पण जळायला हॉजडनच्या 4831 पेक्षा जलद. एकीच्या तक्त्यातला कमाल आकडा दुसरीला लावला की दाब मर्यादेबाहेर जाणार. फंक्शनचं नाव तेच आणि आतला कोड वेगळा, असला प्रकार.

दुसरा किस्सा जास्त वाईट. तांब्याच्या चेपण्यावरून काढलेला दाब जुन्या पुस्तकांत सरळ 'पीएसआय' म्हणून छापला जायचा. पुढे क्वार्ट्झचे पिझो सेन्सर आले आणि कळलं की तांबं हळू चेपतं, त्याला खरा कमाल दाब पकडताच येत नाही. मग तांब्याच्या मापाला 'सीयूपी' असं वेगळं नाव पडलं. सामीच्या तक्त्यात .30-06 काडतुसाची मर्यादा 50,000 सीयूपी आहे आणि 60,000 पीएसआय. काडतूस तेच, मर्यादा तीच, फक्त मोजायची रीत वेगळी. आता ज्याच्याकडे जुनं पुस्तक आहे तो काय म्हणेल? "माझ्या पुस्तकात 50,000 पीएसआय, नवीन मर्यादा 60,000. म्हणजे अजून 10,000 ची जागा आहे की!" नाही बाबा, जागा नाहीच.

बरं, एका गुणाकाराने एकातून दुसरं काढावं, तर तेही जमत नाही. .223 ला हेच आकडे 52,000 आणि 55,000 आहेत. .30-06 ला वीस टक्क्यांचा फरक, इथे सहा टक्क्यांच्या आत.

म्हणूनच चांगलं पुस्तक नुसते ग्रेन सांगत नाही. कुठली पुंगळी, कुठला प्रायमर, कुठली गोळी, किती लांबीची नळी हे सगळं देतं. एक सुरुवातीचा कमी आकडा देतं आणि तिथून पायरीपायरीने वर जा म्हणून बजावतं. कारण तुमची रायफल म्हणजे त्यांची टेस्ट मशीन नव्हे. दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत, तर कुणीतरी खोटं बोलतंय असंही नाही. दोघांनी आपापल्या सामानावर प्रामाणिकपणे मोजलेलं असतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती कधी रायफल येणार नाही. पण कुठूनतरी टाइमआउटचा आकडा उचलून आपल्या कॉन्फिगमध्ये चिकटवणारे आपण सगळेच आहोत. तिथे सर्व्हर पडतो, रात्री उठून परत चालू करता येतो. या छंदात बोटं आणि डोळे पणाला लागलेले असतात, म्हणून त्या लोकांना शंभरेक वर्षांत एक सवय लागली. आकडा दिसला की आधी विचारायचं, हा मोजला कुणी, कशावर आणि कशाने?

असो. सोमवारी ऑफिसात मीही विचारून बघणार आहे.